न ऐकता दिलेला निकाल : एरिक चिझमचे पियानो-संगीत आणि पुनर्शोधाची नीती

कलेच्या इतिहासात ‘उपेक्षित’ हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. एखाद्या रचनाकाराला उपेक्षित म्हणताना आपण केवळ एक वस्तुस्थिती नोंदवीत नसतो, त्याच्यावर अन्याय झाला असा आरोप करीत असतो. आरोप म्हटला की आरोपी कोण, फिर्यादी कोण आणि नुकसान नेमके कोणाचे झाले हे प्रश्न यायला हवेत. ते बहुधा येत नाहीत. ‘अन्याय दूर झाला’ हे वाक्य लिहून समीक्षक मोकळा होतो, आणि पुनर्शोध हे आपोआपच एक सत्कृत्य ठरते.

या गृहीतकाची तपासणी येथे एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करायची आहे. उदाहरण स्कॉटलंडमधील आहे, आणि साहित्याचे नसून संगीताचे आहे. वाङ्मयीन समीक्षेला ते अप्रस्तुत वाटू नये. उपेक्षित ग्रंथ ग्रंथालयात पडून असला तरी कोणीही तो उघडून वाचू शकतो. स्वरलेखनाच्या रूपातील संगीतकृती मात्र कोणी वाजवल्याखेरीज बहुसंख्य रसिकांच्या दृष्टीने अस्तित्वातच येत नाही. संहिता आणि आस्वाद यांच्यातील अंतर तेथे इतके उघडे पडते की उपेक्षा म्हणजे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

एरिक चिझमचा जन्म ४ जानेवारी १९०४ रोजी ग्लासगोच्या कॅथकार्ट भागात झाला आणि मृत्यू ८ जून १९६५ रोजी केप टाउन येथे. प्रकृतीच्या कारणाने तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे एडिंबरो विद्यापीठात डोनल्ड टोवी या ख्यातनाम संगीतविवेचकाच्या हाताखाली शिकून १९३४ मध्ये त्याने संगीतातील डॉक्टरेट मिळवली. १९२९ साली समकालीन संगीताच्या प्रसारासाठी ग्लासगोत ‘ॲक्टिव्ह सोसायटी’ नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली, तिचा प्राण चिझम होता. बेला बार्टोक, पाउल हिंडेमिट, कारोल शिमानोव्स्की हे रचनाकार या संस्थेच्या निमंत्रणावरून त्या कारखान्यांच्या शहरात येऊन गेले. मोझार्टचा ‘इदोमेनेओ’ हा ऑपेरा ब्रिटनमध्ये प्रथम रंगमंचावर आला तो लंडनमध्ये नव्हे, १९३४ मध्ये ग्लासगोत, आणि पुढच्याच वर्षी बर्लिओझचा ‘ले त्रोयाँ’. दोन्ही चिझमच्या संचालनाखाली. १९४६ पासून अखेरपर्यंत तो केप टाउन विद्यापीठाच्या संगीत विभागाचा अधिष्ठाता होता, आणि यानाचेकच्या ऑपेरांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चरित्रातील एक गोष्ट उघड आहे. चिझमच्या आयुष्याचा मोठा भाग इतरांच्या न ऐकल्या गेलेल्या कृती लोकांच्या कानांपर्यंत पोचवण्यात गेला. त्याच्या स्वतःच्या कृती मात्र बहुतांशी हस्तलिखितांतच राहिल्या. त्याला उपेक्षित ठेवण्याचा कट कोणी केला नव्हता. प्रकाशक मिळाले नाहीत, महायुद्ध आले, कर्मभूमी दुसऱ्या गोलार्धात गेली, प्रशासन, संचालन आणि अध्यापन यांनी दिवस खाल्ले. नव्या शतकात चित्र पालटले. २००४ मधील जन्मशताब्दीच्या सुमारास मरी मॅक्लाक्लन या पियानोवादकाने त्याचे पियानो-संगीत ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि तो सात तबकड्यांपर्यंत गेला. २००९ मध्ये जॉन पर्सर यांनी लिहिलेले चरित्र आले. २०१२ मध्ये दोन पियानो-कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, एकत्र ध्वनिमुद्रित होऊन उपलब्ध झाल्या. (शताब्दीच्या मुहूर्तावर जागी होणारी गुणग्राहकता आपल्याही वाङ्मयव्यवहाराला अपरिचित नाही, पण सात तबकड्यांचे काम मुहूर्तावर भागत नाही.)

आता मूळ प्रश्न. १९६५ ते २००० या काळात अन्याय झाला असेल, तर तो कोणावर? मृताचे बरेवाईट होऊ शकते काय, हा प्रश्न ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात उपस्थित केला आहे, आणि वंशजांच्या उत्कर्षापकर्षाचा मृतांवर काही परिणाम होत असलाच तर तो अगदी क्षीण असावा, अशा सावध उत्तरावर तो थांबला आहे. आपल्या परंपरेत भवभूतीने काळाच्या अमर्यादतेचा आणि पृथ्वीच्या विस्ताराचा हवाला देऊन भावी समानधर्म्यावर भिस्त ठेवली. परंतु भवभूतीचा आशावाद ज्या गृहीतकावर उभा आहे ते फारसे कोणी लक्षात घेत नाही. संहिता टिकून राहील हे त्यात मानलेले आहे. काळ निरवधी असला तरी कागद निरवधी नसतो. हस्तलिखित हरवले तर समानधर्मा जन्माला येऊन काय करणार? म्हणून पुनर्शोधाच्या नीतीची पहिली पायरी रसिकाच्या नव्हे, तर जपणाराच्या हाती असते. चिझमच्या बाबतीत ती पायरी कुटुंबाने आणि ग्रंथालयांनी सांभाळली.

मृतावरील अन्यायाची भाषा इतकी डळमळीत असेल, तर ती सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. मात्र तिचा आशय बदलावा लागेल. कान्टने १७९० च्या आपल्या ग्रंथात अभिरुचीच्या निर्णयाचे एक लक्षण आग्रहाने मांडले: हा निर्णय ज्याचा त्यानेच, स्वतः अनुभव घेऊन करायचा असतो. दुसऱ्या शंभर जणांनी कृती सुंदर म्हटली, तरी त्यांच्या साक्षीवरून मला ती सुंदर म्हणता येत नाही. या तत्त्वाची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतो. शंभर जण एखाद्या कृतीबद्दल गप्प आहेत, यावरून ती सामान्य आहे असेही मला म्हणता येणार नाही. मौन हीदेखील एक साक्षच आहे, आणि तीही उसनी आहे. उपेक्षेतील दोष नेमका येथे आहे. ऐकून नाकारणे हा निर्णय आहे. तो कठोर असेल, चुकीचाही असेल, पण त्यात कृतीची दखल घेतलेली असते. न ऐकताच ‘चांगली असती तर कानांवर आली असती’ असे मानून पुढे जाणे हा निर्णयाचा आभास आहे. उपेक्षित कृतीचे आपल्यावर काही ऋण असेल, तर ते स्तुतीचे नाही, सुनावणीचे आहे.

हे म्हणताच एक विलक्षण प्रतिउदाहरण समोर येते, आणि ते चिझमच्याच वर्तुळातले आहे. काइखुश्रू शापूरजी सोराबजी (१८९२–१९८८) हा रचनाकार इंग्लंडमध्ये जन्मला. त्याचे वडील मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंता होते. ‘ओपुस क्लाविचेंबालिस्तिकुम’ ही त्याची प्रचंड पियानो-रचना १९३० मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला ग्लासगोत, चिझमच्या संस्थेसाठी, सोराबजीने स्वतः ती प्रथम वाजवली. आजच्या सादरीकरणांत ती चार तासांहून अधिक चालते. तिची अर्पणपत्रिका ह्यू मॅकडिअरमिड या स्कॉटिश कवीला आहे. १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकाने तिचा पहिला भाग सादर केला. तो प्रसंग इतका असमाधानकारक ठरला की पुढे सोराबजीने आपल्या रचना जाहीरपणे वाजवल्या जाऊ नयेत असाच पवित्रा घेतला, आणि १९७६ पर्यंत तो सोडला नाही. म्हणजे चार दशके हे संगीत मौनात होते ते रचनाकाराच्या इच्छेने. त्याला ‘उपेक्षित’ म्हणता येईल काय?

सुनावणीचे ऋण हे रचनाकाराचे आपल्यावरील ऋण असते, तर रचनाकाराला ते माफ करता आले असते, आणि सोराबजीच्या बाबतीत प्रश्न तेथेच मिटला असता. तो मिटत नाही. वाईट ऐकले जाण्यापेक्षा न ऐकले जाणे बरे, ही त्याची भूमिका आपल्याला समजते. तिच्यात सुनावणीचा तिरस्कार नसून तिच्या दर्जाचा आग्रह आहे. चिझमचे मौन तसे नव्हते. त्याने आपले संगीत कोणापासून रोखून धरले नाही, आणि त्याच्यासाठी फार धडपडही केली नाही. एकाचे मौन निश्चयाचे, दुसऱ्याचे दिरंगाईचे. या दोहोंना एकाच ‘उपेक्षित’ या खणात टाकणे हा विचाराचा आळस होय.

सुनावणी हा निकष मानला तर पुनर्शोधकाची भाषाही तपासावी लागते. चिझमला ‘मॅकबार्टोक’ म्हटले जाते. नाव गमतीचे आहे, प्रेमाने दिलेले आहे, आणि नव्या श्रोत्याला ते दारापर्यंत आणून सोडते. पण दारात आलेल्या श्रोत्याच्या कानात ते आधीच एक सूर भरून ठेवते. लोकसंगीताचा संग्राहक, कठोर विसंवादांचा रचनाकार, म्हणून स्कॉटलंडचा बार्टोक. यात चिझमचे जे बार्टोकसारखे आहे तेवढेच ऐकू येते. जे तसे नाही ते उणे ठरते. ग्लासगोमधील व्यवहारही एकतर्फी नव्हता. बार्टोक १९३२ आणि १९३३ मध्ये तेथे आला तेव्हा त्याला पीब्रोख या संगीतप्रकाराची ओळख करून दिली ती चिझमने. उपेक्षिताला प्रसिद्धाच्या नावाने ओळखणे ही उपेक्षेचीच अधिक सभ्य आवृत्ती आहे, असे मला वाटते. मराठीत ‘आपला अमुक’ म्हणून कोणा परकीय लेखकाशी जोड लावण्याची जी सवय टीकाव्यवहारात होती, तिच्याबद्दलही हेच म्हणता येईल.

पीब्रोख म्हणजे काय हे येथे थोडे विस्ताराने पाहायला हवे, कारण चिझमच्या पियानो-लेखनाचे मर्म तेथे आहे. हायलंडच्या बॅगपाइपवरील हे गंभीर, दीर्घ संगीत. गेलिक भाषेत त्याला ‘थोर संगीत’ या अर्थाची संज्ञा आहे. नाचाच्या आणि कवायतीच्या चाली ते ‘लहान संगीत’. बॅगपाइपच्या ज्या नळीवर सुरावट वाजते तिच्यातून नऊच स्वर निघतात. बाजूच्या नळ्यांतून आधारस्वर अखंड वाहत असतो, आपल्या तंबोऱ्यासारखा, पण कितीतरी अधिक उग्र. या वाद्याचा आवाज कमीजास्त करता येत नाही, आणि मध्येच थांबवताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा क्षणमात्र स्पर्श द्यावा लागतो. म्हणून या संगीतातील कणस्वर हे अलंकार नव्हेत, ते व्याकरण आहे. आरंभी संथ मूळ सुरावट येते. तिला ‘उर्लार’, म्हणजे भुई, म्हणतात. मग तिचे विस्तार एकामागून एक येतात. त्यांत कणस्वरांचे पुंजके उत्तरोत्तर दाट होत जातात, आणि अखेरीस पुन्हा ती उघडी भुई. ख्यालाच्या बढतीची सवय असलेल्या श्रोत्याला यात ओळखीचे काहीतरी जाणवेल. तरी साम्य तेथेच थांबवावे. पीब्रोखमध्ये उपज नाही. विस्ताराचा प्रत्येक टप्पा बांधीव असतो.

असे संगीत पियानोवर आणणे म्हणजे ज्या वाद्यात स्वर थांबत नाही त्याची भाषा ज्या वाद्यात स्वर टिकत नाही त्याला शिकवणे. पियानोचा स्वर उमटताक्षणीच विझू लागतो. त्याच्या पट्ट्यांवरील स्वर समान अंतरांनी बांधलेले. बॅगपाइपचे काही स्वर त्या पट्ट्यांच्या फटींत पडतात. चिझमसमोर दोन सोपे मार्ग होते. सुरावट तेवढी घेऊन तिला युरोपीय स्वरसंगतीचा साज चढवायचा, म्हणजे दिवाणखान्यात शोभेल असे काही तयार झाले असते. एकोणिसाव्या शतकाने तेच पुष्कळ केले होते. किंवा बॅगपाइपची हुबेहूब नक्कल करायची, म्हणजे गंमत झाली असती. त्याने तिसरा मार्ग धरला. आधारस्वर खालच्या सप्तकात पुन्हापुन्हा आघाताने जिवंत ठेवायचा, आणि कणस्वरांचे पुंजके वाद्याच्या वरच्या भागात तसेच्या तसे, खरखरीत, आदळू द्यायचे. फटींत पडणाऱ्या स्वरांसाठी तो शेजारचे दोन स्वर एकत्र दाबतो असे कित्येक ठिकाणी वाटते. ऐकणाऱ्याला जो विसंवाद ‘आधुनिक’ म्हणून भेटतो, तो अशा रीतीने बराचसा त्या जुन्या वाद्याचाच आहे. आधुनिकता बाहेरून आणून देशी आशयावर चढवलेली नाही. देशी वाद्याचा हट्ट पियानोने ऐकून घेतल्यामुळे ती घडली आहे. नेमाडे यांच्या मांडणीनंतर देशीयतेविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात बहुधा आशय देशी की परका असा प्रश्न विचारला गेला. माध्यमाच्या प्रतिकाराचा, म्हणजे घेतलेले रूप घेणाऱ्याच्या हातात किती अडते याचा, विचार त्या मानाने कमी झाला.

१९३९ मधील पियानो-सोनाटा हे याचे सर्वांत भरीव उदाहरण. ‘लाल फीत’ या अर्थाचे तिचे गेलिक नाव एका पीब्रोखवरून आले आहे. तिचा तिसरा भाग विलाप आहे. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसे मृत्यू पावली. हा विलाप त्यांच्यासाठी आहे. विलाप हा पीब्रोखमधील एक प्रस्थापित प्रकार. सरदारांच्या आणि वीरांच्या मृत्यूसाठी तो वाजवला जाई. चाचणीत गुदमरून गेलेल्या खलाशांना आणि कामगारांना तो देणे ही एक नैतिक कृती आहे, आणि ती कोणत्याही घोषणेवाचून झाली आहे. येथे मला चिझम निःसंशय मोठा वाटतो. कमी प्रतीचे पियानो-संगीतही त्याने पुष्कळ लिहिले. सातही तबकड्या सलग ऐकणाऱ्याला घाईत लिहिलेली, एकाच युक्तीवर विसंबलेली पाने सापडतील. संपूर्ण संग्रह काढण्याच्या उत्साहात पुनर्शोधक निवडीची जबाबदारी श्रोत्यावर सोपवून टाकतो. समग्र वाङ्मयाचे खंड प्रसिद्ध करणाऱ्या आपल्या संपादकांनाही हा प्रश्न कधी सुटलेला नाही.

मात्र पीब्रोखचे नाव घेताच आणखी एक अडचण समोर उभी राहते. चिझमचा पुनर्शोध झाला. पण चिझमने ज्यांच्या सुरावटी घेतल्या त्यांचे काय? पीब्रोखच्या परंपरेत काही घराण्यांची नावे टिकली आहेत, स्काय बेटावरील मॅकक्रिमन घराणे त्यांत अग्रगण्य. तरी पुष्कळ रचनांचे कर्तृत्व दंतकथांत विरघळले आहे. हे संगीत मुखोद्गत बोलांनी शिकवले जाई. ‘हिहारिन’, ‘होद्रोहो’, ‘हिओडिन’ असे ते बोल; प्रत्येकात स्वर आणि त्याभोवतीचे कणस्वर बांधलेले. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी हाताआधी तोंडाने शिकतो, तसेच. कॉलिन कॅम्बेलने १७९७ च्या सुमारास हे बोल लिहून मोठा संग्रह केला. पुढे स्टाफ नोटेशन रूढ झाले तशी ती लेखनपद्धती वाचणारेच दुर्मिळ झाले. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या पीब्रोख सोसायटीने या संगीताची छापील प्रमाण पाठसंहिता सिद्ध केली, आणि स्पर्धांमुळे तीच रूढ झाली. परंपरा वाचली, तिच्यातील पाठभेद मात्र त्या वाचण्याच्या किमतीत गेले. संतवाङ्मयाच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला हा व्यवहार निराळा सांगायला नको.

या साखळीचा एक दुवा थेट भारतात आहे. जोसेफ मॅकडॉनल्ड हा हायलंडमधील तरुण १७६० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी भारताकडे निघाला आणि त्या सुमारास त्याने बॅगपाइपच्या संगीताची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. १७६३ मध्ये तो भारतातच मरण पावला. हस्तलिखित पुढे बंगालमध्ये सर जॉन मॅकग्रेगर मरी यांच्या हाती लागले, स्कॉटलंडला परत गेले, आणि १८०३ मध्ये जोसेफचा भाऊ पॅट्रिक याने ते छापले. छापील प्रतीत चुका पुष्कळ राहिल्या. याच पॅट्रिकने १७८४ मध्ये हायलंडच्या गेय चालींचा संग्रह प्रसिद्ध केला होता, त्यात जोसेफने भारतात येण्यापूर्वी टिपलेल्या चालीही होत्या. चिझमने पियानोसाठी लिहिलेल्या कित्येक छोट्या स्कॉटिश चाली या संग्रहातून घेतल्या आहेत. म्हणजे अनाम गायिका व गायक, त्यांच्याकडून टिपणारा जोसेफ, छापणारा पॅट्रिक, पियानोवर आणणारा चिझम, चिझमला वाजवणारा मॅक्लाक्लन. यांतील कोणाचा पुनर्शोध आपण साजरा करतो? ज्याची स्वाक्षरी आहे त्याचा. शोधाच्या प्रकाशाला स्वाक्षरीचे आकर्षण असते. अनामाला तो ‘स्रोत’ म्हणून पार्श्वभूमीत ढकलतो. जोसेफ आणि पॅट्रिक यांना निदान इतिहासकार भेटले. ज्यांच्या तोंडून चाली घेतल्या, त्यांची सुनावणी कोणत्या दरबारात व्हायची?

कोणी म्हणेल, अनामिकांचाही शोध घ्यावा. त्या वाटेवर काय होऊ शकते हे स्कॉटलंडनेच अठराव्या शतकात पाहिले. जेम्स मॅकफर्सनने १७६० पासून ऑसियन नावाच्या प्राचीन गेलिक कवीची काव्ये इंग्रजी गद्यात प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १७६३ पर्यंत दोन महाकाव्ये उभी राहिली आणि सारे युरोप भारावले. मूळ हस्तलिखिते दाखवा, असे आव्हान सॅम्युअल जॉन्सनने दिले. ती कधीच दाखवली गेली नाहीत. १८०५ मध्ये हायलंड सोसायटीच्या समितीने काढलेला निष्कर्ष सौम्य होता: परंपरेतील कथा आणि वचने खरी, परंतु मॅकफर्सनने त्यांत मनमुराद भर घातली आणि त्यांना हवे तसे जोडले. पुनर्शोधाची भूक तीव्र झाली, की जे सापडत नाही ते रचले जाते. ते रचण्यात मॅकफर्सनची प्रतिभा खरी होती, हीच त्या प्रकरणाची गुंतागुंत.

चिझमने १९४४ ते १९५१ या काळात लिहिलेली सहा निशागीते, ‘नाइट साँग ऑफ द बार्ड्स’, या मॅकफर्सनच्याच एका तळटीपेवर आधारलेली आहेत. ऑक्टोबरच्या रात्री एका सरदाराच्या घरी पाच भाट जमतात; एकेक जण बाहेर जाऊन रात्र पाहून येतो आणि जे पाहिले ते गातो; शेवटी सरदार स्वतः गातो. हा मजकूर ऑसियनचा नव्हे, त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी झालेल्या कवीचा आहे, असे मॅकफर्सननेच नोंदवले आहे. बनावटीच्या वादात सापडलेल्या ग्रंथाची ही तळटीप, तिच्यावर पियानोच्या सहा रचना, आणि त्यांत चिझमचे सर्वांत गहिरे लेखन! प्रत्येक भाट तीच रात्र पाहतो, पण कोणाच्या रात्री वारा आहे, कोणाच्या रात्री भुते, कोणाच्या रात्री निवळलेले आकाश. अस्सल आणि बनावट यांचा निवाडा संहिताशास्त्रात अपरिहार्य आहे. या रचना ऐकताना मात्र तो दूर राहतो, आणि दूर राहतो म्हणून तो अनावश्यक होता असेही सिद्ध होत नाही. मॅकफर्सनने वाचकांना फसवले हे खरेच राहते. चिझमने कोणाला फसवले नाही. त्याने ज्या पानावरून घेतले त्या पानाचे नाव सांगितले.

अखेरीस त्या रचनेकडे वळले पाहिजे, जिच्याविषयी मराठी वाचकाला बोलण्याचा अधिकार काहीसा अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी असलेल्या ब्रिटिश संघटनेच्या कामावर चिझम भारतात आणि नंतर सिंगापूरला होता. १९४९ मधील त्याच्या दुसऱ्या पियानो-कॉन्चेर्तोला त्याने ‘हिंदुस्थानी’ हे नाव दिले. तिच्या तीन भागांना आसावरी, श्री आणि वासंती या रागांचा आधार आहे. आपल्याकडील श्रोत्याची पहिली प्रतिक्रिया कदाचित हरखून जाण्याची होईल, आणि दुसरी नाराजीची. सकाळची आसावरी आणि सूर्यास्ताचा श्री यांच्यामध्ये येथे मोजकी मिनिटे आहेत. पण समयसिद्धान्ताचा भंग ही किरकोळ तक्रार झाली.

खरी अडचण निराळी आहे. आसावरी म्हणजे तिचे स्वर नव्हेत; आरोहात गंधार-निषाद टाळून धैवताकडे जाण्याची रीत, त्या धैवतावरचे थांबणे, हे मिळून आसावरी होते. तिचा रिषभ शुद्ध की कोमल, यावर जाणकारांतच दोन मते आहेत. पियानोला हा वाद कळतच नाही. त्याला एकच पट्टी दाबायची असते. पहिल्या भागात राग पुष्कळदा केवळ एक स्वरसमुच्चय होऊन राहतो, आणि वाद्यवृंदाच्या गर्जनेत तो वाहून जातो. या दोषाचे सारे खापर युरोपीय मनावर फोडणे मात्र सोयीचे होईल. पेटीवर गाणे शिकवणाऱ्या आणि थाटांच्या कोष्टकात राग बसवणाऱ्या आपल्याच अध्यापनाने ही वाट रुंद केली. भातखंडे यांच्या व्यवस्थेत थाट म्हणजे राग नव्हे हे स्पष्ट असले, तरी विद्यार्थ्याच्या वहीत ते स्पष्ट राहिले नाही.

श्रीचा भाग वेगळा आहे. मूळ सुरावट आणि तिचे विस्तार असे त्याचे रूप आहे, आणि येथे चिझम आपल्या घरच्या जमिनीवर उभा आहे, कारण भुई आणि तिच्यावरील दाट होत जाणारे थर हे पीब्रोखने त्याला आधीच शिकवले होते. श्रीतील कोमल रिषभ काळ्या पट्टीवर मिळत नाही. पंचमावरून त्याच्याकडे झुकत येणे, त्याच्यावर रेंगाळणे हाच श्री. घसरण पियानोला शक्य नाही हे जाणून चिझम त्या दोन स्वरांमधली दरी उघडीच ठेवतो, आणि तिच्याभोवती स्वरांचे ढग गोळा करतो. कानाला श्री मिळत नाही, पण श्रीची उणीव मिळते. जे वाजवता येत नाही त्याची जागा राखून ठेवलेली जाणवते. तिसऱ्या भागात ही दक्षता पुन्हा सुटते, आणि वासंतीच्या नावाखाली एक चपळ, खेळकर, थोडे गोंगाटी संगीत ऐकू येते. ते आवडायला हरकत नाही, त्याला वासंती म्हणायला आहे.